ताठपणाची चुकीची स्तुती

हेलिकॉप्टरला कंपोझिटची, म्हणजे तंतू आणि रेझिनच्या मिश्र पदार्थाची, पाती बसवली, एवढे सांगितले की बातमी पूर्ण झाली असे मानले जाते. वाचणाऱ्याचा समज होतो की धातूपेक्षा ताठ काहीतरी आले आणि म्हणून थरथर गेली. मुळात हा समजच उलटा आहे. पोलादाची ताठरता सुमारे २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमची ७०. काचतंतू आणि इपॉक्सीच्या पात्याची तंतूंच्या दिशेने मोजली तरी चाळीस-पंचेचाळीसच. कार्बनतंतू ताठ असतात हे खरे, पण पात्यांतली ही क्रांती काचतंतूंनी घडवली. जर्मनीत बोल्को कंपनीचे बो १०५ हेलिकॉप्टर १९६७ साली उडाले ते काचतंतूंच्या पात्यांवर. पाते वरखाली आणि मागेपुढे हलावे म्हणून मुळाशी लागणारी बिजागरे त्यात नव्हती. पाते स्वतःच वाकत होते. वारंवार वाकले की ॲल्युमिनियमला आज ना उद्या तडा जातोच. काचतंतू त्याहून कितीतरी अधिक वाकणे सोसतात. कमी ताठपणा हाच इथे गुण ठरला.

उभ्या हेलिकॉप्टरची पाती टोकाशी लोंबलेली दिसतात. फिरू लागली की गोफणीच्या दोरीसारखी ताणली जातात, आणि वरखाली होण्याला जो विरोध मिळतो तो बराचसा या ताणातून. पिळाच्या बाबतीत मात्र पदार्थ आणि त्याची रचना निर्णायक ठरते. धातूची ताठरता सर्व दिशांना सारखीच असते. तंतूंचे तसे नाही: लांबीच्या दिशेने घातले की वाकण्याला आवर, पंचेचाळीस अंशांत तिरपे घातले की पिळाला आवर. एकाच पात्यात हे दोन्ही हिशेब वेगवेगळे जमवता येतात, आणि पात्याची स्वाभाविक कंपने रोटरच्या फेऱ्यांच्या पटींपासून दूर ठेवता येतात. पटीवर सापडलेले पाते, मग ते पोलादाचे असो की कार्बनचे, सारखेच थरथरते.

तरीही कंपने संपत नाहीत. पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या पात्याला लागणारा वारा वेगळा असतो, तोवर ती राहणारच. बो १०५ चा रोटर मिनिटाला ४२४ फेरे घेतो. चार पात्यांचे मिळून सेकंदाला अठ्ठावीस हिसके सांगाड्यात उतरतात. बिजागरे गेली की पात्याचा वाक थेट मधल्या तुंब्यावर जोर देतो. यंत्र त्यामुळे चपळ होते, पण हिसक्यांना वाटही मोकळी मिळते. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचा रोटर याच परंपरेतला, बिनबिजागरी आणि कंपोझिट पात्यांचा. त्याच्याही गिअरबॉक्स आणि सांगाड्यामध्ये कंपने अडवणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागली. यात कमीपणा काही नाही. उलट, भौतिकशास्त्राशी प्रामाणिक राहिलेल्या अभियंत्यांचे ते काम आहे.

वजनाचेही तसेच: हलकेपणा हा नुसताच गुण नव्हे. इंजिन बंद पडले की शेवटच्या क्षणी फिरत्या पात्यांत साठलेल्या ऊर्जेवर वैमानिक यंत्र जमिनीवर अलगद टेकवतो. म्हणून पाते हलके झाले, तर त्याच्या टोकाशी मुद्दाम वजन भरावे लागते.

उरतो तपासणीचा प्रश्न. काही धातूच्या पात्यांत पोकळी दाबाखालच्या नायट्रोजनने भरून ठेवत. तडा गेला की दाब उतरे आणि मुळाशी लावलेला दर्शक रंग बदले. कंपोझिट सहसा अचानक तुटत नाही, पण त्याचे थर आतल्या आत सुटतात आणि वरून काही दिसत नाही. तेव्हा नव्या पात्यांची घोषणा करणाऱ्यांनी आसनाशी मोजलेली कंपने किती, हे सांगावे. आणि थर सुटल्याचे तळावरचा तंत्रज्ञ कसे ओळखणार, किती तासांनी तपासणार, हेही सांगावे.