खेळालाही टीकाकार हवा

नाटकाचा पडदा पडल्यावर घरी परतेपर्यंत जो गप्प बसू शकतो तो मराठी माणूस नव्हे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दुसरा अंक लांबला, नायिका चढ्या स्वरात बोलली, नेपथ्यात खुर्चीच चुकीची होती, असले वाद आपण मध्यरात्रीपर्यंत घालतो. परप्रांतात आलो तरी ही खोड सुटत नाही, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. पण त्याच माणसाचा मुलगा किंवा पुतण्या टॅब्लेटवर महिना-महिना खपून एक राज्य उभे करतो, तह करतो, मोडतो, फसतो, पुन्हा डाव मांडतो, आणि त्याविषयी घरातून एकच मत व्यक्त होते : ‘ठेव ते बाजूला.’ नाटकाला चार तासांचा वाद आणि खेळाला तीन शब्द, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

हे लिहावयाचे कारण असे. बेंगळुरूतल्या एका मराठी वाचनालयात काही तरुण मंडळी रविवारी जमतात आणि टॅब्लेटवरील व्यूहाच्या नि साहसाच्या खेळांविषयी बोलतात. कोणता डाव खरोखर विचार करावयास लावतो, कोणता नुसता बोटे झिजवतो, कोणत्या खेळाची गोष्ट शेवटपर्यंत टिकते, असे त्यांचे विषय. काही वडीलधाऱ्या सभासदांना हे खपले नाही. ‘टॅब्लेटवरील खेळ व तत्सम जुगारी प्रकार यांविषयी वाचनालयात चर्चा करू नये’ अशा ठरावाचा कागद सह्यांसाठी फिरला, आमच्यापुढेही आला. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिणारे कारकून. ‘तत्सम’ या शब्दाची ताकद आम्ही रोज पाहतो. नस्तीवर एकदा ‘तत्सम’ लिहिले की जे सिद्ध करावयाचे ते सिद्ध झाले असे धरून पुढचा कागद निघतो. आम्ही सही केली नाही. का केली नाही ते येथे सांगतो.

खेळ आणि जुगार यांचा घोटाळा करणे नवे नाही, आणि मौज अशी की या घोटाळ्याच्या इतिहासात आमचे बेंगळुरू पहिल्यापासून हजर आहे. ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे एक पत्र येथे छापले जाई नि मुंबई राज्यात भरपूर खपे. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांसाठी लोक ते घेत. मुंबई सरकारने कर नि परवाना यांचा कायदा पुढे केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९५७ साली न्यायालयाने सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापाराचे घटनादत्त संरक्षण त्याला मिळावयाचे नाही. मध्यंतरी १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा केंद्रीय कायदा झाला होता आणि महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांना त्याने बंदी घातली होती. परंतु याचा अर्थ शब्दकोडे सोडविणे हेच पाप ठरले काय? मुळीच नाही. ठरला तो पैशांचा सौदा. पुढे १९६७ साली त्याच न्यायालयाने रमीविषयी निकाल देताना, पाने लक्षात ठेवून लावण्यात प्राधान्याने कौशल्य असते, असे म्हटले. २०२१ साली कर्नाटकाने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ सरसकट बंद केले. त्यातील मुख्य कलमे फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला त्याने पैशांचे खेळ मनाई केले खरे, मग त्यात कौशल्य असो वा नसो; पण त्याच कायद्याने ई-क्रीडा आणि पैसा न लावता खेळावयाचे खेळ यांना निराळ्या रकान्यात बसविले. म्हणजे ज्या सरकारवर सरसकटपणाचा आरोप आपण उठताबसता करतो, त्या सरकारने केलेला भेद आमच्या वाचनालयातील वडील मंडळींना करवत नाही!

पैसा लावून खेळण्याने घरे बसली आहेत. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही, यापुढेही करणार नाही. पण द्यूतसभेच्या धाकाने बुद्धिबळाचा पट जाळावयाचा नसतो.

शिवाय ज्यांना हे खेळ परके वाटतात त्यांनी आपलीच भाषा एकदा उलटून पाहावी. शह, काटशह, मात, प्यादे, अडीच घरांची चाल, फासे उलटे पडणे, सोंगटी मारणे, हुकमाचे पान, डाव, पेच : राजकारणावरचा एक मराठी अग्रलेख या शब्दांवाचून लिहून दाखवावा. आमच्या पूर्वजांनी खेळाकडे तुच्छतेने पाहिले असते तर हे शब्द आले कोठून? दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला असलेल्या तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांनी बुद्धिबळावर संस्कृतात ग्रंथ रचला, आणि १८१४ साली त्याचे इंग्रजी रूप मुंबईत छापले गेले. राज्य बुडण्याच्या बेतात असताना पेशवा बुद्धिबळे काय खेळत बसला, असे कोणी विचारील. तो प्रश्न पेशव्यास विचारावा, ग्रंथास विचारू नये. येथून जवळच म्हैसूरला तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी पट, सोंगट्या, गंजिफा आणि घोड्याने पटाची सर्व घरे एकेकदा फिरून येण्याची कोडी यांत इतके लक्ष घातले की ‘श्रीतत्त्वनिधी’ या त्यांच्या ग्रंथाचा ‘कौतुकनिधी’ हा भाग खेळांसाठीच आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, १२० पानांची, आजही रंगविली जाते. आपण ती दिवाणखान्यात काचेमागे ठेवतो नि पाहुण्यांना कौतुकाने दाखवितो. ती खेळावी कशी हे मात्र सांगता येत नाही.

येथवर वडील मंडळींशी आमचे भांडण झाले. आता तरुणांशी भांडावयाचे आहे, आणि ते अधिक कडू आहे.

या खेळाडूंची मते आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. कचेरीच्या मधल्या सुटीत, मेट्रोच्या डब्यात, आणि त्या रविवारच्या बैठकीत. त्यातील बहुसंख्य मते ही मते नसून तारे असतात. पाच तारे, चार तारे, ‘जबरदस्त’, ‘टाकाऊ’. हे तारे कसे गोळा होतात याचा विचार फार थोड्यांनी केला आहे. डाव जिंकून मन फुलले की नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर विचारणा होते : खेळ कसा वाटला? हरलेल्याला कोण विचारतो! मांडवातून बाहेर पडणाऱ्या वऱ्हाडाला जिलबी चघळत असतानाच स्वयंपाकाचे मत विचारण्यासारखे हे आहे.

ऐकीव गोष्टींचे तर काय सांगावे! १९९१ साली निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात महात्मा गांधी अणुबॉम्ब टाकीत सुटतात, कारण त्यांच्या आक्रमकतेचा आकडा १ होता, त्यातून २ वजा झाले नि हिशेब उलटून तो २५५ झाला, ही कथा जगभरच्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे एकमेकांना सांगितली. आमच्या बैठकीतही ती तीनदा सांगितली गेली, दर वेळी नव्या माणसाकडून. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्पष्टच लिहिले की असा दोष त्यात नव्हता. २०१७ पासून या मालिकेतला सहावा खेळ आयपॅडवर मिळतो, म्हणजे हवा त्याने स्वतः खेळून गांधींशी तह करून पाहावा. पण पारख करण्यापेक्षा ऐकीव गोष्ट सांगणे सोपे. ज्या पिढीला वडिलांच्या बखरींवर हसावयाचे असते तिने स्वतःच्या बखरी तरी तपासाव्यात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा खेळ २००९ साली संगणकावर आला आणि २०२४ साली टॅब्लेटवर. त्यात खेळाडूला ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या बरोबरीने मराठ्यांची बाजू घेता येते. आमच्या मंडळींना यापलीकडे काही दिसेनासे झाले. मराठे दिसले की पाच तारे! वस्तुतः या खेळाविषयी बोलावयास पुष्कळ आहे. टॅब्लेटच्या पडद्यावर नकाशा पटासारखा समोर आडवा पसरतो, बोटाने पलटणी हलविता येतात, हे अशा खेळाला फोनपेक्षा कितीतरी सोयीचे; उलट हजारो सैनिकांची लढाई रंगली की यंत्र तापते नि विजेरी भराभर उतरते. समुद्रावरची लढाई या मालिकेत प्रथम याच खेळात आली, आणि ज्यांच्या इतिहासात कान्होजी आंग्रे आहेत त्यांना तीत रस वाटणे रास्तच आहे.

परंतु खेळ सुरू होतो १७०० साली, आणि मराठ्यांची बाजू त्यात ‘मराठा संघ’ या नावाने आहे. १७०० साली कसला संघ? रायगड १६८९ सालीच गेला होता, जिंजी १६९८ साली पडली होती, त्या वर्षाच्या आरंभी औरंगजेबाचा साताऱ्याला वेढा होता, मार्चमध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाले आणि राज्याचा भार ताराबाईंवर आला. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले अशी सरदारांची राज्ये उभी राहिली ती पुढे, पेशव्यांच्या काळात. म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील नाव नि ऐश्वर्य उचलून खेळाने ते अशा वर्षावर चढविले की ज्या वर्षी मराठे डोंगरातून लढत होते. आणि लढाई कोणती? मुख्यतः रांगा लावून समोरासमोर बंदुका झाडावयाची, युरोपी पद्धतीची. बलाढ्य सैन्याची रसद तोडणे, किल्ला महिनोन्‌महिने लढवून किंमत घेऊन सोडणे आणि पावसाळ्यानंतर परत घेणे, हा जो त्या काळचा आमचा खरा व्यूह, तो या पटावर मांडताच येत नाही. बेंगळुरूच्या माणसाला तर हे चटकन जाणवावयास हवे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, १६८७ साली मोगलांनी व्यंकोजीराजांच्या हातून घेतले आणि लगेच रोकड मोजून घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजांच्या हवाली केले. तोफांइतकेच तिजोरीने राज्य हलते, हे शिकविणारा खेळ निघाला तर तो आम्ही विकत घेऊ.

‘अहो, खेळ तो खेळ, इतिहास कशाला शोधता?’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ऐतिहासिक नाटकात चुकीची पगडी दिसली तर ज्यांचा संताप होतो तेच हे बोलतात, म्हणून आश्चर्य वाटते. नाटकात आपण पाहणारे असतो. खेळात करणारे असतो. दोन दोन पाळ्यांनी एकेक वर्ष पुढे सरकणारे शंभर वर्षांचे राज्य ज्या मुलाने स्वतः चालविले, त्याच्या मनातली अठराव्या शतकाची आकृती शाळेतल्या पुस्तकापेक्षा त्या पटावरून अधिक घडते.

फुकट खेळांविषयी थोडक्यात. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ २०१२ साली आला आणि त्याच्या धर्तीचे असंख्य निघाले. घ्यावयास पैसा नाही. पण इमारत बांधावयास तासन्‌तास थांबा, अथवा रत्ने विकत घेऊन वेळ वाचवा. येथे व्यूह विकला जात नाही, खेळणाराची अधीरता विकत घेतली जाते. आमच्या बैठकीतील एका विद्यार्थ्याने अशा खेळावर वर्षभरात खर्चलेली रक्कम मोजून सांगितली तेव्हा वडील मंडळींचा संशय सर्वस्वी निराधार नाही असे आम्हांलाही वाटले. मात्र कोणता खेळ एकदा मोल घेऊन मोकळा होतो नि कोणता रोज खिशात हात घालतो, हे त्यांना सांगणार कोण? तेच तरुण, ज्यांची चर्चा बंद करावयाचा ठराव आहे!

साहसाच्या खेळांत आम्हांला विशेष आवडला तो ‘८० डेज’, २०१४ सालचा. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला नोकर पासपार्तू आपण व्हावयाचे, आणि धनी वेळेत जगप्रदक्षिणा पुरी करील असे मार्ग निवडावयाचे. मेग जयंत यांनी लिहिलेला हा खेळ जवळजवळ सगळा शब्दांचा आहे. त्यात वाचन केल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. वाचनालयाने ज्यावर बंदी घालावयाची त्यात हे मोडते, हे पाहून हसावे की रडावे कळेना. हा खेळ मराठीत नाही. पुण्यात घडलेला, २०२० साली आलेला ‘राजी’ घ्या : हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची कथा, आपल्या पुराणांतील देवदैत्यांच्या जगात. त्याची सविस्तर चिकित्सा आम्ही वाचली ती इंग्रजीतच. येथील बैठकीतही मराठी मुले डाव मांडतात मराठीत, नि मत देताना इंग्रजीत शिरतात, कारण ‘चाल’, ‘फळी’, ‘मोर्चा’, ‘कुमक’, ‘हूल’ हे शब्द त्यांच्या कानावर आलेलेच नाहीत. कन्नड मित्रांचीही हीच तक्रार आहे. याच शहरातील शास्त्रज्ञांनी हातात मावणारा ‘सिम्प्युटर’ घडविला नि तो २००४ साली बाजारात आला, तो देशी भाषांत माणसाशी बोलावा या हेतूने. यंत्र मागे पडले; हेतू कोणी पुढे नेला?

म्हणून ठरावाच्या कागदावर आम्ही सहीऐवजी दुरुस्ती सुचविली आहे. ‘व तत्सम जुगारी प्रकार’ हे शब्द गाळावेत; पैसा लावून खेळण्यास वाचनालयात मनाई असावी; आणि रविवारची बैठक चालू राहावी, मात्र तीत बोलणाराने खेळ निदान एकदा शेवटपर्यंत खेळलेला असावा, मत मराठीत द्यावे नि कारणांसह द्यावे. प्रस्तुत मासिकाच्या संपादकांनाही विनंती आहे की ग्रंथपरीक्षणाच्या सदराशेजारी दोन पाने या कामी सोडावीत. पहिले परीक्षण ‘एम्पायर’चे असेल. ते लिहावयास बैठकीतील दोघेजण तयार आहेत; एक म्हणतो खेळ उत्तम, दुसरा म्हणतो १७०० सालापाशीच तो फसला. दोघांचेही छापावे.