आत्मा तोच, पण कृत्य कोणाचे?

जॉन लॉकचा व्यक्तिविचार बटलर आणि रीड यांनी केव्हाच निकालात काढला, असे तत्त्वज्ञानाच्या वर्गांत बिनदिक्कत सांगितले जाते. हा निकाल उतावळा आहे.

आधी पूर्वपक्ष. ‘मानवी आकलनाविषयीचा निबंध’ या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत लॉकने नवे प्रकरण घातले. जाणीव भूतकाळात जिथवर पोचते तिथवर व्यक्ती तीच, आत्मद्रव्य बदलो वा न बदलो, हे त्याचे सूत्र. यावर १७३६मध्ये जोसेफ बटलरने अन्योन्याश्रयाचा दोष दाखवला: ‘मला आठवते’ म्हणताना ‘मी’ आधीच गृहीत असतो, मग आठवण त्याला घडवील कशी? १७८५मध्ये टॉमस रीडने सेनापती उभा केला. फळबागेतल्या चोरीबद्दल लहानपणी खाल्लेला मार तरुण अधिकाऱ्याला आठवतो. पुढे सेनापती झाल्यावर त्याला अधिकाऱ्याचा पराक्रम आठवतो, मार मात्र आठवत नाही. म्हणजे सेनापती तो मुलगा आहेही आणि नाहीही!

रीडचा तर्क बिनतोड आहे. लॉक ‘तीच व्यक्ती’ म्हणतो तेवढ्यापुरता तो अडकतोच. पण लॉकचा खरा रोख न्यायनिवाड्यावर होता, हे एडमंड लॉने १७६९मध्येच ओळखले होते. कृत्याचा जाब कोणी द्यायचा, हा तो प्रश्न. माणूस म्हणून सेनापती आणि मुलगा एकच, हे लॉकलाही मान्य. अधिकाऱ्याने चोरीचा जाब द्यावा, सेनापतीने पराक्रमाचे श्रेय स्वीकारावे, पण चोरीचा जाब देऊ नये, यात विसंगती कुठे आहे? जबाबदारी गणितातल्या समानतेसारखी आपोआप पुढे सरकत नाही.

‘मी’ तोच राहतो हे सांगायला बटलर आत्मद्रव्याचा आसरा घेतो. लॉकने तो आधीच तपासला होता. ट्रॉयच्या वेढ्यातल्या नेस्टरचा आत्मा आज माझ्यात असला, पण त्याच्या एकाही कृत्याची जाणीव मला नसली, तर ती कृत्ये माझी कशी? पूर्वजन्मीचे कर्म मानणाऱ्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही.

मग नशेत गुन्हा करून विसरणारा सुटतो का? नाही. विस्मरण खरे की सोंग, हे न्यायालयाला ओळखता येत नाही. कृत्य सिद्ध होते, जाणिवेचा अभाव सिद्ध होत नाही, म्हणून शिक्षा होते, असे लॉक सांगतो. खरा निवाडा तो देवावर सोपवतो. यात मर्यादा मानवी न्यायाची दिसते, लॉकच्या कसोटीची नव्हे. अखंड आत्मा मान्य केला तरी जाब कोणाला विचारायचा, हे ठरवायला जाणिवेकडेच यावे लागते.