वारसाभाषा आणि उपजीविका

पूर्वजांची भाषा पुन्हा शिकल्याने चरितार्थाला हातभार लागतो काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाला गौण वाटण्याचा संभव आहे. परंतु मुलाने कोणती भाषा शिकावी याचा निर्णय बहुतेक घरांत याच प्रश्नावर होतो. सिंगापूरमधील चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

तेथे त्यांना मँडरिन ही ‘मातृभाषा’ म्हणून शिकविली जाते. वस्तुतः त्यांचे पूर्वज दक्षिण चीनमधून आले ते होक्कियेन, तिओच्यू, कँटोनीज, हक्का या भाषा घेऊन. १९५७ च्या जनगणनेत मँडरिन मातृभाषा असणारे शेकडा एकही नव्हते. १९७९ साली ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ ही मोहीम आरंभिली आणि आजीची भाषा ‘बोली’ ठरून मागे पडली. २०२० च्या जनगणनेत घरी मुख्यतः इंग्रजी बोलणारे ४८.३ टक्के, मँडरिन बोलणारे २९.९ टक्के आणि या तथाकथित बोली बोलणारे अवघे ८.७ टक्के आढळले. हा वारसा असा बव्हंशी शासनदत्त आहे. (तेथील मराठी घरांतील मुलेही शाळेत ‘मातृभाषा’ म्हणून बहुधा हिंदी घेतात, मान्य भाषांच्या यादीत मराठी नाही.)

आता नोकरीविषयी. चिनी माध्यमाचे नानयांग विद्यापीठ १९५० च्या दशकात लोकवर्गणीतून उभे राहिले. सायकलरिक्षा चालविणाऱ्यांनीही त्यासाठी आपली कमाई दिली. तेथील पदवीधरांचे मँडरिन उत्तम होते, पण इंग्रजीत चालणाऱ्या कारभारात त्यांना दुय्यम स्थान मिळाले. १९८० मध्ये ते विद्यापीठ विलीन करण्यात आले, आणि तेही मँडरिनचा पुरस्कार चालू असताना! पुढे चीनची दारे व्यापाराला उघडली व तीच भाषा एकाएकी मोलाची ठरली. इतक्या अस्थिर भावावर मुलाचे भवितव्य लावणे धाडसाचेच होय.

तथापि मँडरिन शिकणे व्यर्थ, असे मी म्हणणार नाही. घरी ती कानावर पडलेल्या मुलाला स्वर आणि उच्चार सहज साधतात. परक्याला त्यासाठी वर्षे घालवावी लागतात. परंतु घरातील भाषा जेवणखाण आणि नातीगोती यांपुरती असते. कचेरीत करारनामा वाचावा लागतो, पत्राचा मसुदा करावा लागतो. त्यासाठी लागणारी हजारो चिन्हे कानाने येत नाहीत. शिवाय दोन्ही भाषा जाणणारे पदवीधर आता चीनमध्येच विपुल आहेत. शासनाने २००५ साली निवडक विद्यार्थ्यांसाठी द्विसांस्कृतिक अभ्यासक्रम सुरू केला, त्यावरून नेहमीचे शालेय मँडरिन चीनशी व्यवहारास अपुरे पडते हे उघड आहे. लेखनवाचनाच्या त्या पातळीपर्यंत जाण्याची आणि सोबत कायदा, हिशेब वा अभियांत्रिकी आत्मसात करण्याची तयारी असेल, त्याने नोकरीसाठी मँडरिन अवश्य शिकावे. केवळ संभाषणापाशी थांबणाऱ्याने मात्र नोकरीचे निमित्त सोडून, आजी आहे तोवर तिच्याकडून होक्कियेनच शिकून घ्यावी.