विश्लेषण : कारवर लेझर जॅमर बसवला, तर स्पीडगन खरंच चुकते का?

महामार्ग पोलिसांची इंटरसेप्टर गाडी पुढे उभी आहे, हे सांगायला आपल्याकडे अजूनही समोरून येणाऱ्याने मारलेला डिपर पुरतो. आता डिपरच्या जोडीला एक उपकरणही आले आहे. ‘लेझर जॅमर’ या नावाने ते ऑनलाइन विकले जाते. कधी त्याच्या खोक्यावर ‘पार्किंग सेन्सर’ असे साळसूद नाव असते. ते ग्रिलमध्ये बसवा आणि स्पीडगनला तुमचा वेग दिसणारच नाही, असा दावा केला जातो. शहादा–दोंडाईचा, शहादा–खेतिया किंवा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याने त्यावर पैसे घालावेत का? दावा सरसकट खोटा नाही. म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा.

स्पीडगन नेमके काय मोजते?

लेझर स्पीडगन डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडते. त्यांची तरंगलांबी साधारण ९०५ नॅनोमीटर असते. हे किरण सलग नसतात, तर एका सेकंदात शेकडो अतिसूक्ष्म स्पंदे सुटतात. प्रत्येक स्पंद गाडीवर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायला त्याला जेमतेम दोन मायक्रोसेकंद लागतात. लागोपाठच्या स्पंदांमध्ये अंतर किती घटले, त्यावरून वेग ठरतो. हे सगळे सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात उरकते. तेवढ्यात ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी आठेक मीटर पुढे सरकलेली असते.

किरणांचा झोत ३०० मीटरवर सुमारे एक मीटरच रुंद असतो. त्यामुळे गर्दीतूनही एकच गाडी निवडता येते. नेम बहुधा नंबरप्लेट किंवा हेडलाइटवर धरतात, कारण तिथून प्रकाश उत्तम परततो.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘पोलीस रस्त्याच्या कडेला उभे राहून तिरके मोजतात, म्हणून वेग जास्त दाखवतो’, असे बरेच जण सांगतात. गणित नेमके उलटे आहे. तिरक्या कोनातून वेग कमीच दिसतो. २० अंशांच्या कोनातून ताशी १०० चा वेग सुमारे ९४ दिसेल. म्हणजे कोनाचा फायदा चालकालाच मिळतो.

जॅमर काय करतो?

गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलेले छोटे सेन्सर गनचे स्पंद ओळखतात आणि लगेच तशाच तरंगलांबीचे स्पंद उलट दिशेने सोडतात. खरा परावर्तित प्रकाश आणि हा उसना प्रकाश यांची सरमिसळ झाली की गनला अंतराचा हिशेब जुळवता येत नाही आणि पडद्यावर आकडा उमटत नाही. तत्त्व बरोबर आहे. परदेशातले महागडे संच काही गनसमोर हे करून दाखवतात.

अडचण पुढे सुरू होते. प्रत्येक कंपनीच्या गनची स्पंद सोडण्याची लय वेगळी असते. नव्या गनमध्ये ही लय मुद्दाम बदलती ठेवतात आणि काही गन तर ‘कोणी अडथळा आणतो आहे’ असा इशाराही देतात. जॅमरला ती लय माहीत नसेल तर तो काही उपयोगाचा नाही. सेन्सर रस्त्याला समांतर आणि सरळ समोर रोखलेले असावे लागतात. थोडे कलले तरी काम बिघडते. एसयूव्हीचे तोंड उंच आणि रुंद असते, त्यामुळे ग्रिलमधल्या जॅमरपासून दूरच्या हेडलाइटवर नेम धरला तर गनला वेग मिळू शकतो. शिवाय उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर किती माती आणि पाचट असते, ते पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कुणालाही विचारा. चिखलाने माखलेला सेन्सर आंधळाच.

आता चाचणीचे पाहू. जॅमर चालतो की नाही हे तपासायचे तर समोर खरी स्पीडगन हवी, तीही इथले पोलीस वापरतात त्याच मॉडेलची. एकाने गन धरायची, दुसऱ्याने वेगवेगळ्या अंतरांवरून गाडी आणायची आणि किती अंतरावर आकडा उमटतो ते टिपायचे. परदेशातले हौशी लोक मोकळ्या जागेत गन विकत घेऊन हे करतात. शहाद्यात ती गन आणणार कुठून? मग उरते एकच चाचणी, खऱ्या इंटरसेप्टरसमोरून भरधाव जाण्याची. जॅमर निकामी ठरला तर ई-चलान येते. चालला तर त्याहून मोठे प्रकरण अंगावर येऊ शकते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात ‘लेझर जॅमर’ हा शब्द नाही. विक्रेते याचाच आधार घेतात. मोबाइल किंवा जीपीएसचे सिग्नल अडवणाऱ्या जॅमरबाबत दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले होते की, केंद्राच्या परवानगीखेरीज त्यांचा वापर सर्वसाधारणपणे बेकायदा आहे. लेझर जॅमर रेडिओ लहरी नव्हे, प्रकाश वापरतो. त्यामुळे तो त्या चौकटीत सरळ बसत नाही, हे खरे.

पण त्यामुळे तो वैध ठरत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १७९ अधिकाऱ्याच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्याला दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ नुसार लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि कारसारख्या हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडल्यास कलम १८३ खाली दंड किती? एक ते दोन हजार रुपये. दोन हजारांचा दंड वाचवण्यासाठी शेकडो डॉलरचा संच घ्यायचा आणि वर फौजदारी कलमाची जोखीम ओढवून घ्यायची, हा व्यवहार कुठल्याही हिशेबाने बसत नाही.

परदेशात हे घडले आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्कशायरमध्ये एक ६७ वर्षांचा चालक कॅमेरा व्हॅनसमोरून जॅमर चालू ठेवून जायचा, वर पोलिसांना बोट दाखवायचा. त्याचा वेग मोजलाच गेला नाही, त्यामुळे वेगाचा गुन्हा लागला नाही. लागला तो न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा. एप्रिल २०१८ मध्ये त्याला आठ महिन्यांची कैद झाली.

जॅमर नसलेलेही पकडले जात नाहीत, मग?

हा युक्तिवाद नाक्यावर हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर पोलिसांपेक्षा ब्रेककडे मागावे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर कारची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. राज्य ती आणखी कमी ठेवू शकते. समजा, रात्री सारंगखेड्याच्या आसपास समोर अचानक मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसली. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरू, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरू. ताशी ७० ने येणारी गाडी सुमारे ५६ मीटरमध्ये थांबते. ताशी ९० ने येणारीला ८२ मीटर लागतात. पण खरा आकडा वेगळाच आहे. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी ६८-६९ असतो. फक्त २० ने जास्त असलेला वेग ट्रॉलीवर जवळजवळ ७० ने आदळतो.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर नोंदले आहेत. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. ‘अतिवेग’ हे कारण पंचनाम्यात सोयीने लिहिले जाते, ही टीका रास्त आहे. खड्डा आणि अंधार त्या रकान्यात सहज लपतात. तरी वरचे ब्रेकचे गणित बदलत नाही.

मग चुकीच्या चलानाचे काय?

जॅमरची जाहिरात जिच्यावर पोसली जाते ती खरी तक्रार ही आहे. गन झाडाआड असते, फलक दिसत नाही, मोजणी बरोबर होती हे कशावरून? यावर कायद्यात चांगले उत्तर आहे, पण ते फारसे कुणी वापरत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. स्पीडगनसह अशा प्रत्येक उपकरणाला ते अचूक असल्याचे राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घेतले पाहिजे. उपकरण लावलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची आणि नोंद चलान निकाली निघेपर्यंत जपायची, असेही त्यात म्हटले होते.

म्हणून चलान आले की आधी त्यातला फोटो, वेळ, ठिकाण आणि नोंदलेली मर्यादा तपासा. फलक नव्हता अशी खात्री असेल तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा. ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार नोंदवता येते. तिथे भागले नाही तर न्यायालयात प्रमाणपत्राची मागणी करता येते.

पोलिसांनीही एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक ई-चलानावर गनचा क्रमांक आणि तिच्या प्रमाणपत्राची तारीख छापावी. तापीच्या पुलावर थांबलेल्या चालकाला ती दोन ओळींत मोबाइलवर दिसली, तर पोलिसांशी होणारा निम्मा वाद तिथेच संपेल.