पाण्याखाली कोण उतरतं?



दिवाळीच्या सुट्टीपासून मेअखेरपर्यंत मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर लहान होड्यांची रांग लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडी थांबते, माणसं तोंडावर काच नि श्वासाची नळी लावून पाण्यात उतरतात, प्रवाळ आणि रंगीत मासे बघतात. ज्यांना परवडतं ते पाठीला टाकी बांधून आणखी खाली जातात. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण हात धरायला गाईड असतो. होडीवाला, तिकीटवाला आणि हा गाईड, जवळजवळ नेहमी पुरुष.

मग बाई कुठे आहे? ती मागच्या पडवीत आहे. पाहुण्यांसाठी तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, भाकऱ्या करते, खोल्यांच्या चादरी धुते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून ‘स्थानिकांना रोजगार’ हे शब्द आपण ऐकतो आहोत. या स्थानिकांत बाई धरली आहे का? होडीचा परवाना नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर, खोल्यांची नोंदणी त्यांच्याच नावावर, आणि तिचं काम ते घरकाम! त्याचा हिशेब कोण ठेवणार?

‘बायकांना समुद्रात कसं जमेल?’ असं बैठकांत अजूनही विचारलं जातं. (विचारणाऱ्यांपैकी किती जणांना स्वतःला पोहता येतं, हे एकदा विचारून बघा.) तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरच्या बायका मन्नारच्या आखातात बोटांना चिंध्या गुंडाळून, श्वास रोखून बुड्या मारतात आणि समुद्रशेवाळ काढतात. ना टाकी, ना नळी. ती बेटं सागरी राष्ट्रीय उद्यानात गेल्यावर वनखात्याशी त्यांचा झगडा झाला. त्या नुसत्या भांडल्या नाहीत. महिन्यातले ठरावीक दिवसच शेवाळ काढायचं, हे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतलं. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळालं.

फार लांब कशाला, वेंगुर्ल्यात ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ साली मांडवी खाडीत कांदळवनाची सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात, झाडांची नि पक्ष्यांची माहितीही त्याच देतात. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. वल्ह्याच्या होडीला भांडवल कमी लागतं. डायव्हिंगला इंजिन, टाक्या, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि प्रशिक्षणाची फी लागते. बचत गटाच्या छोट्या कर्जात हे बसत नाही, आणि मोठ्या कर्जाला तारण मागतात. तारण ठेवायला बाईच्या नावावर असतं काय?

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोन जणांचा जीव गेला. किनाऱ्यावरच्या आपल्या मुलींना तरी पोहायला कोण शिकवतं? मुलगे बंदरात आपसूक शिकतात. मुलगी दहा-अकराची झाली की तिचं पाण्यात जाणं बंद. पर्यटक बायकांचंही बघा. अनोळखी पुरुषाने कमरेला धरून खाली न्यायचं, वर आल्यावर ओल्या अंगाने आडोसा शोधायचा. बाई गाईड हवी असं कितीजणींना वाटत असेल!

आणि प्रवाळ? त्यावर नांगर टाकतात, फोटोसाठी मासे जमावेत म्हणून पाव फेकतात, दमलेला पर्यटक सरळ प्रवाळावर उभा राहतो. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही. पण मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांचं म्हणणं त्या वादात वेगळं असं फारसं पुढे आलंच नाही. प्रवाळाच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात. ती संपली तर टोपली कोणाची रिकामी राहणार?

किनाऱ्यावर काम करणाऱ्या गटांना आमची विनंती आहे. आपल्या गावात पर्यटनाच्या होड्या किती, त्यांतल्या किती बाईच्या किंवा दोघांच्या नावावर आहेत, गाईडच्या प्रशिक्षणाला एखादी मुलगी गेली का, गेली असल्यास तिला काम मिळालं का, कपडे बदलायला जागा आणि संडास आहे का, एवढं लिहून पाठवा. साधं पोस्टकार्डही चालेल. आलेली माहिती एकत्र करून बंदर खात्याकडे आणि वनखात्याकडे घेऊन जाऊ. तेव्हा मासळीबाजारातल्या बायकाही सोबत हव्यात, म्हणून तारीख ठरवताना बाजाराचा दिवस टाळू.