डीव्हीआर: कामाचा आणि काळजीचाही

मैत्रिणींनो, परवा आमच्या मंडळात एक वहिनी रडवेल्या होऊन आल्या. भरबाजारात त्यांचं मंगळसूत्र ओढलं गेलं. समोरच्याच कपड्याच्या दुकानावर कॅमेरा होता. पण ‘कशाला पोलिसांत जायचं’ या घरच्यांच्या घोळात वीस दिवस गेले. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचंच राहतं. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं.’’ झालं! पुरावाच पुसला गेला.

त्याच दुकानात दुसरा कॅमेरा ट्रायल रूमच्या दिशेनं होता, आणि तिथला पडदा धड लागत नव्हता. मालक हे सगळं घरी बसून मोबाइलवर बघू शकतो, असं तिथल्या मुलीनं हळूच सांगितलं. म्हणजे हवं ते उरत नाही आणि नको ते टिपलं जातं!

कायदा आपल्या बाजूनं आहे. बाईचे खासगी क्षण चोरून बघणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद आणि दंड. तिनं चित्रीकरणाला होकार दिला, पण पसरवायला दिला नसेल, तरी ते पसरवणं गुन्हाच.

पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर जपावं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. आपल्या गल्लीतल्या डब्यात मात्र डिस्क पुरेल तेवढेच दिवस.

नुसती क्लिप मोबाइलवर घेऊनही भागत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आठवा. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हे व्हिडिओवरून ठरायचं होतं. मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही, तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच, असा निकाल त्यात जुलै २०२० मध्ये लागला. आज हीच तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

तेव्हा काही घडलं तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून तक्रार द्या. ‘हे चित्रीकरण पुसू नये’ असं पोलिसांना आणि दुकानदारालाही लेखी कळवा, पोच घ्या.

आम्ही सातजणी त्या दुकानात गेलो. मालक आधी कुरकुरला, पण दोन दिवसांत कॅमेरा गल्ल्याकडे वळला, पडदाही नवा आला. वहिनींचं मंगळसूत्र मात्र गेलं ते गेलंच.