तिनं ओरडायचं नाही?

भांडणं काय, सगळ्यांच्याच घरात होतात. पण २०२५ साली आमच्या घरात जे भांडण झालं, त्याचं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. सासू-सून नाही, इस्टेट नाही, स्वयंपाकघर तर नाहीच नाही. कारण होतं एक अमेरिकन बँड! लिंकिन पार्क. २०२६ च्या जानेवारीत मुंबईत होणाऱ्या ‘लोलापलूझा’मध्ये हा बँड गाणार असं जाहीर झालं, आणि रात्रीच्या जेवणाला माझा मुलगा म्हणाला, ‘‘मी जाणार नाही.’’ सूनबाई म्हणाली, ‘‘मी जाणार.’’ शिकायला म्हणून आमच्याकडे राहिलेली माझी भाची वरण-भात कालवता कालवता म्हणाली, ‘‘आत्या, दादाला सांग ना, बाई गाते म्हणून पोटात दुखतंय असं सरळ कबूल कर.’’

झालं! पुढचा तासभर कुणी ताटावरून उठलं नाही आणि कुणी धड जेवलंही नाही.

ज्यांच्या घरात हे वादळ कधी शिरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘न्यू मेटल’ नावाचा एक प्रकार नव्वदीच्या दशकात अमेरिकेत आला. कर्णकर्कश गिटार, मधेच भरभर बोलल्यासारखं रॅप आणि मधेच जीव तोडून ओरडणं. लिंकिन पार्कचा पहिला अल्बम ‘हायब्रिड थिअरी’ २००० च्या ऑक्टोबरमध्ये आला. आमच्याकडे तो २००१ मध्ये पोचला, कॅसेटच्या रूपात आणि माझ्याच पैशांनी. मुलगा बारावीला होता. खोलीचं दार बंद, आतून किंकाळ्या. मी आपली बँकेतून येऊन कुकर लावायची आणि कुकरची शिट्टी कुठली आणि तो गायक कुठला, हे मला कळायचं नाही. एकदा मी दार उघडून म्हटलंही, ‘‘अरे, हा माणूस एवढा ओरडतोय, त्याला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही?’’

त्याने फक्त दार लावून घेतलं.

आज वाटतं, माझ्या थट्टेत नको इतकं खरं होतं. त्या ओरडणाऱ्या मुलाचं नाव चेस्टर बेनिंग्टन. लहानपणी, सात-आठ वर्षांचा असल्यापासून तेराव्या वर्षापर्यंत त्याचं लैंगिक शोषण झालं होतं, हे त्यानेच पुढे मुलाखतींमधून सांगितलं. नंतर दारू, ड्रग्ज, त्यातून सुटायची धडपड. हे सगळं तो गाण्यांतून ओरडून सांगत होता. आणि इथे पुण्यात, बारावीच्या टक्केवारीच्या चरकात सापडलेला माझा मुलगा, जो आम्हाला ‘काही नाही, ठीक आहे’ यापलीकडे काही सांगत नव्हता, तो दार लावून त्या आवाजाला धरून बसला होता. त्या वर्षी आमचं बरंच काही बिघडू शकलं असतं. बिघडलं नाही, याचं थोडं श्रेय त्या कॅसेटला आहे, असं मुलाने मला खूप नंतर सांगितलं.

कधी, तर २० जुलै २०१७ नंतर. त्या दिवशी चेस्टरने आत्महत्या केली. वय ४१. सहा मुलांचा बाप. त्याचा जिवलग मित्र, गायक ख्रिस कॉर्नेल दोनच महिन्यांपूर्वी तसाच गेला होता आणि २० जुलै हा त्या मित्राचा वाढदिवस. माझा तेहतीस वर्षांचा, स्वतः बाप झालेला मुलगा गॅलरीत बसून रडत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलावं ते सुचेना. चहा ठेवला.

सात वर्षं बँड गप्प होता. मग ५ सप्टेंबर २०२४ ला त्यांनी जाहीर केलं की आम्ही परत येतोय, आणि चेस्टरच्या जागी गाणार आहे एमिली आर्मस्ट्राँग. तेव्हा ३८ वर्षांची, ‘डेड सारा’ या रॉक बँडची गायिका. १५ नोव्हेंबरला नवा अल्बम आला, ‘फ्रॉम झीरो’. बँडचं अगदी सुरुवातीचं नाव होतं ‘झीरो’, त्यावरून हे नाव, आणि शून्यातून पुन्हा उभं राहणं हाही अर्थ त्यात आहेच. सगळा मिळून जेमतेम बत्तीस मिनिटांचा. मी ऐकला. हो, ऐकला! भाचीने कानात ते बोंडं घातली आणि मी भाजी निवडत दोनदा ऐकला. मला त्यातलं काय कळतं, असं म्हणाल. पण घरात वीस वर्षं एखादी गोष्ट वाजत असली की कानाला सवय होते. माझं मत विचाराल तर अल्बम जुन्याच वळणाचा आहे. रॅप करणारा माईक शिनोडा तोच, गिटारी त्याच. फार नवं काही नाही. पण ती बाई गाते मात्र झकास. खरखरीत, जाड, पोटातून आलेला आवाज.

मुलाचे मित्र घरी जमले की यावर चर्चासत्रं झडायची. चाळिशी गाठलेले, पोटं सुटलेले इंजिनीअर! एकाचं म्हणणं, चेस्टर गेला तिथे बँडने दुकान बंद करायला हवं होतं. दुसरा म्हणायचा, मग ‘एसी/डीसी’चं काय? त्यांचा बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला आणि जुलैत नवा गायक घेऊन अल्बम बाजारात! यांनी तर सात वर्षं थांबून मान राखला. तिसरा मोबाईलमधलं घड्याळ लावून बसलेला. चेस्टरची एका गाण्यातली १७ सेकंदांची किंकाळी प्रसिद्ध आहे म्हणे. नव्या अल्बममधल्या एका गाण्यात एमिलीनेही तशीच लांबलचक किंकाळी मारलीय, तर तिची किती सेकंद भरते, हे मोजणं चाललं होतं. हे पाहून मला हसू आवरेना. नवी सून पुरणपोळी लाटायला बसली की चार जणी फूटपट्टी घेऊन उभ्या असतात, तस्सं!

आणि सगळ्यात शेवटी, हळूच, ते वाक्य यायचं : ‘‘गाते चांगली रे, पण बाईच्या आवाजात ती गाणी... नाही जमत.’’

आता मला सांगा, आपल्या आजीच्या पिढीने बालगंधर्वांची भामिनी डोक्यावर घेतली. पुरुष शालू नेसून आला, लाजला, गायला; कुणी म्हटलं नाही, की पुरुषाच्या आवाजात हे दुःख शोभत नाही. बालगंधर्वांचीच पदं पुढे जयमाला शिलेदारांनी गायली, तीही लोकांनी जिवाचा कान करून ऐकली. मग पुरुषाचा राग एका बाईने गायला तर एवढं काय बिनसतं? मला वाटतं, अडचण आवाजाची नाहीच. राग ही पुरुषाची मालमत्ता आहे, अशी आपली पक्की समजूत आहे. बाईने रडावं, विव्हळावं, फार तर टोमणा मारावा. पण तोंड वासून, मानेच्या शिरा ताणून हजारो लोकांसमोर ओरडावं? आपल्याकडे अशा बाईला काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही. शिनोडानेही २०२५ मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं, की तिच्यावर तुटून पडलेल्या काहींचा खरा राग ती पुरुष नाही याचाच होता.

इथपर्यंत मी भाचीच्या बाजूची. पण मैत्रिणींनो, गोष्ट इतकी सोपी असती तर मी हा लेख लिहायला बसले नसते.

तिचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुनी गोष्ट वर आली. हॉलिवूडमधला एक नट, डॅनी मास्टरसन. त्याच्यावर बलात्काराचे आरोप होते. २०२२ मध्ये ज्यूरीचं एकमत झालं नाही, २०२३ मध्ये पुन्हा खटला चालून दोन गुन्ह्यांत तो दोषी ठरला, तीस वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. तक्रार करणाऱ्या स्त्रिया आणि तो सगळे एकेकाळी सायंटॉलॉजी या पंथातले. या खटल्याच्या एका सुरुवातीच्या सुनावणीला एमिली त्याच्या बाजूने कोर्टात जाऊन बसली होती. त्या तक्रारदारांपैकी एकीचा नवरा, जो स्वतः प्रसिद्ध गायक आहे, त्याने जाहीरपणे तिला याचा जाब विचारला. चेस्टरच्या मुलानेही बँडवर सडकून टीका केली. चेस्टरच्या आईने आणखी एक दुःख बोलून दाखवलं, की काही करायचं ठरलं तर आधी कळवू, असं मला सांगितलं होतं, आणि कळवलं नाही. (हे वाचून मी थोडा वेळ पेपर बाजूला ठेवला. फोन उचलून दोन वाक्यं बोलायला काय लागत होतं?)

एमिलीने लगेच निवेदन काढलं. मित्र समजत होते त्याला आधार द्यायला एकदा गेले, जायला नको होतं हे लवकरच कळलं, माणूस ओळखण्यात चुकले, त्यानंतर त्याच्याशी बोललेले नाही, असं त्यात होतं. पीडित स्त्रियांबद्दल सहानुभूतीही होती. त्याचं नाव मात्र नव्हतं. पंथाबद्दल अक्षर नव्हतं.

इथे सूनबाई आणि भाचीत जुंपली. भाची म्हणाली, चूक कबूल केली, विषय संपला. सूनबाई तिच्या कंपनीतल्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. ती म्हणाली, ‘‘आई, तुम्हाला सांगते, तक्रार करणारी मुलगी खोलीत आल्यावर पहिल्यांदा काय बघते माहितीये? समोरच्याच्या बाजूने कोण कोण आलंय. त्यात बाई दिसली ना, की तिचा चेहरा पडतो.’’

मी ताट उचललं आणि आत गेले. कारण ती बाई मी होते.

१९९३ ची गोष्ट. विशाखा निकाल यायला अजून चार वर्षं होती. समिती वगैरे शब्दसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. मी बँकेत होते, त्या शाखेत एका तरुण क्लार्क मुलीने एका वरिष्ठाविरुद्ध तक्रार केली. खातेनिहाय चौकशी लागली. तो माणूस सगळ्यांचा लाडका, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन आला होता. सहकारी म्हणाले, चौकशीच्या दिवशी आपण त्याच्या पाठीशी आहोत हे दिसलं पाहिजे, आणि लेडीज स्टाफपैकी कुणीतरी हवंच. मी गेले. काही बोलले नाही, साक्ष दिली नाही. नुसती बाहेरच्या बाकावर दोन तास बसले, डब्यातला पोहे-चिवडासुद्धा खाल्ला. ती मुलगी आली, तिने आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि आत गेली. आठवड्याने तिने तक्रार मागे घेतली आणि बदली मागून घेतली. पुढे त्या माणसाबद्दल आणखी दोघींकडून मी जे ऐकलं, त्यानंतर मला शंका उरली नाही.

तिला मी आजतागायत काही बोललेले नाही. पेन्शनरांच्या ग्रुपमध्ये तिचा नंबर आहे. ‘नुसती बसले होते’ या शब्दांना किती वजन असतं, ते मला माहीत आहे.

म्हणून मी एमिलीला फासावर चढवणाऱ्यांत नाही. जी चूक मी केली, तीच तिने केली. आणि तिने निदान चार ओळी तरी लिहिल्या, मी तेवढंही केलं नाही. पण त्या चार ओळी लिहून सगळं भरून पावलं, असंही मी म्हणणार नाही. ‘मी चुकले’ हे जगाला सांगणं वेगळं आणि ज्या बायकांसमोर आपण त्या बाजूला बसलो होतो, त्यांना सांगणं वेगळं. हे दुसरं तिने केलंय की नाही, तो तिच्यातला आणि त्यांच्यातला प्रश्न. माझ्यापुरतं उत्तर मला माहीत आहे.

राग येतो तो वेगळ्याच लोकांचा. मुलाच्या मित्रांपैकी ज्यांना पहिल्या दिवसापासून ‘बाईचा आवाज’ नको होता, त्यांना ही कोर्टाची बातमी म्हणजे देवच पावला! एरवी ऑफिसातल्या बाईने तक्रार केली की ‘आजकाल बोलायचीही चोरी’ म्हणणारे हे, एकदम पीडितांचे कैवारी झाले. त्यांना मी विचारलं, मास्टरसनच्या जुन्या मालिका तुम्ही बघणं सोडलं का रे? एकाने चहाचा कप तोंडाला लावला, दुसऱ्याला फोन आला.

माझा मुलगा मात्र त्यातला नाही, एवढं आई म्हणून नव्हे, पाहून सांगते. त्या रात्री उशिरा तो स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. मी विचारलं, ‘‘खरं सांग, बाई म्हणून नको, कोर्टात गेली म्हणून नको, की आणखी काही?’’

तो बराच वेळ फ्रीजला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘आई, ती चांगली गायली आणि मला आवडलं, तर मग चेस्टर खरंच गेला असं होईल गं.’’

यावर कुठला वाद घालणार? मी म्हटलं, नको जाऊस. पण मित्रांसमोर हेच कारण सांग, ते दुसरं नको.

सूनबाईने तिकीट काढायचं ठरवलं, समितीचं सगळं बोलून झाल्यावरसुद्धा. म्हणाली, ‘‘गाणं आवडतं आई, आणि तिच्याबद्दल माझं समाधान झालेलं नाही. दोन्ही असू दे की.’’ भाचीने तिला विचारलं, ‘‘वहिनी, माझंही काढशील?’’ पैसे अर्थात माझ्याकडून. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटपेक्षा किती पटीने जास्त, ते विचारू नका.